आधी तिचं पत्र उघडा

३ जून
('बेतणी'च्या सार्वजनिक फळ्यावर)

दाराबाहेर ताटकळलेल्या नव्या माणसांनो,

आपल्याला बोलावलं होतं, हे आधी लक्षात घ्या. आपण आगंतुक नाही. 'बेतणी' हे कपड्यांचं कटिंग काढून देणारं सॉफ्टवेअर सगळ्यांचं आहे, मोकळेपणाने वापरा आणि जमेल तसा हात लावा, असं त्यांच्या पहिल्याच पानावर ठळक लिहिलंय. आपण वापरलं. मग वाटलं, इतकं घेतलं तर थोडं द्यावं. म्हणून आलो, तर दार बंद. आतून आवाज येतो, "उघडंच आहे, ढकला." ढकलून ढकलून खांदा दुखायला लागला की दुसरा आवाज येतो, "आमच्याकडून तर उघडतंय बुवा!"

मी एकोणीस दिवस ढकलतेय. मी शिवणकाम करते, सव्वीस वर्षं झाली. या सॉफ्टवेअरमध्ये काही दुरुस्त करायचं तर आधी त्याची आतली प्रत आपल्या कॉम्प्युटरवर मांडावी लागते. ती कशी मांडायची ते सांगणारं एक पान आहे, नऊ पायऱ्यांचं. चौथ्या पायरीवर माझा कॉम्प्युटर म्हणतो, 'मापांचा फोल्डर सापडत नाही.' एकोणीस दिवस मी समजत होते की चूक माझीच. माझं वय, माझं अर्धवट शिक्षण, माझा जुना कॉम्प्युटर. तुम्हीही असंच समजून गपचूप घरी गेला असाल. आपल्याला कुणी हाकललं नाही, म्हणून भांडताही आलं नाही.

चौथ्या पायरीवर आणखी कोण कोण पडलंय? लाज सोडा आणि बोला.

काजवाली

४ जून

वहिनी,

काजवाली तूच आहेस! नाकारू नकोस. "लाज सोडा आणि बोला" हे शिलाई कामगारांच्या सभेत माइक हातात घेऊन तुझ्याशिवाय कोण म्हणतं? दादा त्या वेळी खुर्चीत हळूहळू खाली सरकतो, तेही मी पाहिलंय.

पण मला एका शब्दाने सांगितलं नाहीस? बेतणी सांभाळणाऱ्या पाच जणांपैकी मी एक आहे. मीच तुला हे सॉफ्टवेअर दिलं. काय दुरुस्त करायचंय ते मला कळव, मी पाच मिनिटांत आत घालते. नावही तुझंच लावते.

ते पान जरा जुनं झालंय खरं. कुणीतरी कधीतरी लिहिलेलं असणार. आमची बाजूही बघ गं. पाचही जण आपापली नोकरी सांभाळून हे करतो. आमच्यातला एक शाळेत गणित शिकवतो, आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. शाळा सुटल्यावर तो रोज डझनभर पत्रांना उत्तरं देतो. माणूस वाईट नाही, पण उत्तरं देऊन देऊन त्याचे शब्द आता दोन-तीनच उरलेत. त्याच्या तोंडी लागू नकोस. मला सांग, झालं.

तुझी,
नणंद

९ जून

नणंदबाई,

मिळाला तुझा मागच्या दाराचा पत्ता. धन्यवाद. येणार नाही.

आधी दुखणं काय ते ऐक. शर्टाच्या अंगाला बाहीसाठी जो गोल कापतात तो मुंढा. बाहीचा वरचा गोल आणि मुंढ्याचा गोल जुळायला हवेत. कुठे जुळायला हवेत? जिथे शिलाई पडते तिथे. तुमची बेतणी काय करते? आधी दोन्हीकडे माया जोडते, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडायचं जास्तीचं कापड, आणि मग कापडाच्या कडा जुळवते. कडेवर सगळं छान. शिलाईवर बाही दोन बोटं कमी. तुम्ही पाच विद्वान माया न धरता कटिंग कागदावर छापता आणि कागदाला कागद लावून बघता. तिथे ते जुळणारच. कागदाला काख नसते.

आता, हे तुला सांगितलं की बाही दुरुस्त होईल, हे मलाही कळतं. दार मात्र आहे तसंच राहील. उद्या ज्या बाईची नणंद तुमच्या पाचांत नसेल तिने काय करायचं?

माझ्याकडे शिकायला बारा जणी येतात. त्यातल्या एकीने परवा एकच बाही तीनदा उसवली. तिसऱ्यांदा उसवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, माझ्या हातातच काही नाही." सहा महिन्यांपूर्वी घराबाहेर पडलेली बाई आहे ती. मी तिला सगळ्यांसमोर शब्द दिलाय की चूक तुझ्या हातात नाही, त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेईन. पुढच्या दाराने जाऊन.

आणि हेही ऐकून ठेव. माझ्याकडे नवी बाई आली की पहिल्या दिवशी मी तिला चिंध्या देत नाही. गिऱ्हाइकाच्या खऱ्या कपड्याला हूक लावायला देते आणि शेजारी बसते. हूक वाकडा लागला तर सोबत उसवतो. चिंधीवर शिकलेला हात चिंधीचाच राहतो.

तुझा दादा म्हणतो, "त्या कॉम्प्युटरशी बोलतेस तेवढं माझ्याशी बोलत जा." मी म्हटलं, "तो निदान कुठल्या पायरीवर चुकलं ते तरी सांगतो!"

वहिनी

२७ जून

वहिनी,

अठरा दिवस तुझं अक्षर नाही. दादाला फोन केला तर म्हणाला, "माझ्यावर बंदी आहे, तिलाच विचार." म्हणजे काय समजायचं ते मी समजले.

अगं, सोडून दिलंस तर दिलंस. त्यात कमीपणा नाही. हे काम सगळ्यांना जमतंच असं नाही, आणि तुझा हात कशात आहे ते आख्ख्या घराला ठाऊक आहे. मी ती बाही करून टाकते. तुझ्या बाईला सांग, झालं म्हणून. कसं झालं ते ती कशाला विचारतेय?

नणंद

३० जून

अहो वन्सं,

'वन्सं' वाचल्यावर पारा किती चढलाय ते कळलं असेल. बसून वाचा.

मी सोडलेलं नाही. माझ्या फळ्यावरच्या पत्राला एकच उत्तर आलं. एका नाटकमंडळीचे कपडे शिवणारी बाई आहे. मी तिला नाटकवाली म्हणते, ती मला काजवाली म्हणते, खरी नावं अजून दोघींनी विचारलेली नाहीत. ती लिहिते, "मी चौदा महिन्यांपूर्वी हेच विचारलं होतं." मी जुनी पत्रं उपसली. सापडलं तिचं. अतिशय नम्र, दोनदा माफी मागून लिहिलेलं. खाली पहारेकऱ्याचं उत्तर: 'माझ्याकडे चालतंय.' त्याखाली शिक्का: 'बंद.' ती पुन्हा फिरकली नाही. तिच्या मंडळीसाठी तिने तेहतीस जुन्या पद्धतीच्या पोशाखांची कटिंग स्वतः बसवली होती. ती तुम्हाला द्यायला आली होती, वन्सं. तेहतीस! तुमच्याकडे आहेत किती? सहा.

आम्ही दोघींनी मिळून तुमच्या चौथ्या पायरीचा छडा लावला. मंडळीत दिवे सांभाळणाऱ्या माणसाकडे बेतणीची तीन वर्षांपूर्वीची प्रत होती. ती मागून घेतली, आणि फोनवर एकमेकींना वाचून दाखवत दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून तपासल्या. पोशाखाची दोन अंगं जुळवावीत तशा. मापांचा फोल्डर तुम्ही दोन वर्षांपूर्वी उचलून दुसरीकडे ठेवलात. पान मात्र अजून जुनीच जागा दाखवतंय. तुम्हा पाच जणांच्या कॉम्प्युटरवर तो फोल्डर पूर्वीपासून होताच, म्हणून तुम्हाला तो कधी शोधावा लागला नाही. दोन वर्षांत नवा आलेला प्रत्येक जण तिथे पडला. आणि तुम्ही म्हणत होता, हल्ली नवी माणसं टिकत नाहीत!

प्रत मांडून झाली. बाहीची दुरुस्तीही केली. दोन पायऱ्यांची अदलाबदल: आधी शिलाई जुळवा, मग माया जोडा. चौदा चौकटींचा फॉर्म भरून काल रीतसर पाठवली.

आता दुसरी गोष्ट. पानाच्या खाली त्याचा इतिहास बघता येतो, हे मला नाटकवालीने शिकवलं. 'कुणीतरी कधीतरी' लिहिलेलं ते पान कुणी लिहिलंय ते मी बघितलं. कुणी दुरुस्ती सुचवली की 'नको' असं कोण लिहीत आलंय, तेही बघितलं.

तुमची वहिनी

३ जुलै

वहिनी,

हो. माझं आहे.

खोटं का बोलले ते सांगते, पण ते कारण म्हणून घेऊ नकोस. नऊ वर्षांपूर्वी मी बेतणीत आले तेव्हा मला काहीच येत नव्हतं. आमच्या ऑफिसात मी कोपऱ्यातल्या टेबलावर दुसऱ्यांच्या फाइली तपासायचे. बेतणीत मला कुणीतरी म्हणालं, "तू नवीन आहेस ना, मग कसं मांडायचं ते तूच लिही, तुलाच नीट दिसेल." ते पान माझं पहिलं काम. त्यावर माझं नाव आलं तेव्हा मी ते छापून आईला दाखवलं होतं. मग कुणी त्यातला शब्द बदलायला आलं की मला वाटायचं, माझ्या पहिल्या कामावर ओरखडा. मी 'नको' म्हणत गेले. आणि हळूहळू ते पान वाचणंही सोडून दिलं. मला कशाला लागतंय?

"सगळ्यांना जमतंच असं नाही" हे तुला लिहिलं, त्याची लाज वाटते. तू तेव्हा दुसऱ्या बाईसोबत माझी चूक शोधत होतीस.

पान आजच नीट करू का?

नणंद

८ जुलै

नणंदबाई,

राग गेला. आईंना छापून दाखवलंस हे वाचून पूर्णच गेला. पण पानाला हात लावू नकोस. ज्या बाईला ते चौदा महिने नडलं, ते दुरुस्त करायचा मान तिचा. ती सध्या म्हणते, "त्या वाटेला पुन्हा जाणार नाही." बघते मी.

वहिनी

६ ऑगस्ट

नणंदबाई,

कळवायचं एवढंच, की माझी दुरुस्ती बंद झाली. तीस दिवसांत हालचाल झाली नाही तर तुमचं यंत्र आपोआप शिक्का मारतं म्हणे. हालचाल कुणी करायची होती? मी पाठवून वाट बघत होते. गिऱ्हाईक कपडा टाकून गेलं, आपण तीस दिवस कात्री लावली नाही, आणि मग त्यालाच म्हणायचं की तुमच्याकडून हालचाल नाही!

मी पुन्हा उघडा म्हणाले. पहारेकऱ्याने उत्तर दिलं, हे कबूल करते. 'कागदावर जुळतंय. पुरावा जोडा.' फॉर्ममध्ये पुरावा जोडायची चौकट आहे, पण त्यात फक्त फाइल बसते.

तू मध्ये पडलेली नाहीस, हे मला कळतंय. तुला ते किती जड गेलं असेल तेही कळतंय. तशीच राहा. माणसाने पुरावा मागितलाय, तर मिळेल. त्याला पत्ता आणि छातीचं माप विचारलंय. छातीचं माप कशाला, असं त्याने विचारलं नाही. बहुधा तीही एखादी चौकट वाटली असावी.

वहिनी

१८ ऑगस्ट

वहिनी, माझी वहिनी,

काल आमची महिन्याची बैठक झाली. पाच जण पाच घरांत, पडद्यावर पाच चौकटी. पहारेकरी नेहमी करड्या बनियनवर बसतो. काल निळा शर्ट! इस्त्रीचा!

मी म्हटलं, "सर, नवीन शर्ट?"

"पुरावा आहे," तो म्हणाला.

वहिनी, मी माइक बंद करून हसले.

मग त्याने सांगितलं. पार्सल आलं, सोबत चिठ्ठी: 'डावी बाही तुमच्या बेतणीप्रमाणे. उजवी दुरुस्तीप्रमाणे. कापड एकच, शिवणारा हात एकच, शिलाईचा टाका एकच. तीन दिवस घालून मग ठरवा.' तो माणूस नियमाचा पक्का, तीन दिवस घालून शाळेत गेला. पहिल्या दिवशी मोठा कोनमापक डाव्या हाताने फळ्यावर वर धरायला गेला, तर हात खांद्याशीच अडकला आणि शर्ट कमरेतून वर आला. वर्ग हसला. कोनमापक उजव्या हातात घेतला, तर सरळ वर. दुसऱ्या दिवशी विद्यार्थीच म्हणायला लागले, "सर, डावा वर करा ना, डावा!"

"नऊ वर्षं मी कागदाला कागद लावतोय," तो म्हणाला. "अंगात एकदाही घातलं नाही. ज्याने हे पाठवलंय तो माणूस कोण आहे?"

मी जीभ दाताखाली धरून गप्प राहिले.

मग मत घ्यायचं होतं. आमच्यात हात वर करून घेतात. तो म्हणाला, "जुनी पद्धत ठेवावी असं वाटणाऱ्यांनी..." आणि स्वतःच डावा हात उचलला. खांद्याच्या वर गेला नाही. काखेत चुण्या, कॉलर कानाशी. "बघा, इच्छा असूनही मत देता येत नाही." चौघं खो खो हसलो. मग उजवे हात, पाचच्या पाच.

दुरुस्ती मंजूर, वहिनी! उद्या रात्रीपर्यंत आत जाईल. आणि पहारेकऱ्यानेच मांडलं की काजवालीला सहावी सांभाळणारी म्हणून बोलवावं. मला विचारलं, तुमचं मत? मी म्हटलं, मला मत देता येणार नाही, ती माझी वहिनी आहे. मग तो म्हणाला, "आणि तुम्ही एकदाही बोलला नाहीत?" मी म्हटलं, "तिनेच बजावलं होतं."

इतक्या ताठ मानेने मी त्या चौकटीत कधी बसले नव्हते.

नणंद

१९ ऑगस्ट

नणंदबाई,

तुझं पत्र तुझ्या दादाने मोठ्याने वाचलं आणि 'माझी वहिनी' एवढं पुन्हा मागे जाऊन वाचलं. त्याला सांगू नकोस मी लिहिलं म्हणून.

पण दुरुस्ती आज आत घालू नका. थांबवा. चौदा महिन्यांपूर्वी, आता सोळा झाले, एक नम्र पत्र आलं होतं. त्यावर 'माझ्याकडे चालतंय' असं लिहून शिक्का मारलाय. आधी तिचं पत्र उघडा. त्याखाली पाच जणांनी लिहा की चूक आमची होती. तिने पान दुरुस्त करून पाठवलं तर शेजारी बसून ते आत घ्या. मग माझी बाही. ती माझ्या आधी आली होती. रांग म्हणजे रांग.

हे ताठपणाने म्हणतेय असं वाटलं तर वाटू दे. सव्वीस वर्षं वाकून शिवलंय. एवढा ताठा परवडतो मला.

वहिनी

२ सप्टेंबर

वहिनी,

उघडलं. पाच जणांनी लिहिलं, पहारेकऱ्याने सर्वात आधी. 'माझ्याकडे चालत होतं, म्हणून मी पुढे बघितलं नाही. चूक माझी.' त्याच्या दोन-तीन शब्दांच्या साठ्यात भर पडली.

आठ दिवस काही नाही. मग परवा नाटकवालीचं एक वाक्य आलं: 'पान दुरुस्त करून जोडलंय, बघा चालतंय का.' मी तिच्यासोबत फोनवर बसून पायरी पायरी केली. माझ्या पानातल्या नऊ पायऱ्यांपैकी तीनच जशाच्या तशा राहिल्या. पानावर आता तिचं नाव आहे, माझं खाली इतिहासात गेलंय. मी छापून घेतलं. या वेळी दादाला पाठवतेय.

तासाभराने तुझी बाही आत गेली, सोबत आम्ही पाचांनी लिहिलेलं कबुलीचं पान. आता सहावी खुर्ची घेणार की नाही, ते एकदाचं सांग. सगळे विचारतायत.

नणंद

५ सप्टेंबर

नणंदबाई, आणि हे मोठ्याने वाचून दाखवशील म्हणून, पाचही जणांनो,

काल वर्गात मी नव्या बेतणीने कटिंग काढलं आणि त्या तीनदा उसवणाऱ्या बाईच्या हातात दिलं. बाकीच्या अकरा जणी मशीन थांबवून बघत उभ्या. तिने बाही लावली. एकदाच. मग तुमचं कबुलीचं पान पडद्यावर उघडून मी तिला वाचायला लावलं. ती अक्षर अक्षर लावत वाचते. 'चूक शिवणाऱ्याच्या हातात नव्हती, आमच्या पद्धतीत होती.' दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, "बाई, खिशाचं कटिंगही चुकतंय त्यांचं. मला वाटलं होतं माझंच चुकतंय, म्हणून बोलले नाही." दुरुस्ती तीच पाठवणार आहे. फॉर्म भरायला बसलीये, चौथ्या चौकटीवर आहे. मी शेजारी आहे.

खुर्ची घेते. उपकार म्हणून घेत नाही, काम येतं म्हणून घेते. आणि बसल्या बसल्या पहिलं बोलते.

तुम्ही दुष्ट नाही. दुष्ट असता तर सोपं होतं, सभा घेऊन तुम्हाला खाली खेचलं असतं. तुम्ही दमलेली, भली माणसं आहात, आणि आपलं घर इतकी वर्षं वापरताय की फरशी कुठे उचकटलीये ते पायांना पाठ झालंय. पाय आपोआप चुकवतात. पाहुणा पडतो, आणि तुम्ही म्हणता, बघून चालत नाही. जिथे जिथे माणसं स्वखुशीने एकत्र येऊन सगळ्यांसाठी काही बांधतायत, तिथे तिथे हीच फरशी आहे. दारावर 'या' लिहिणं सोपं आहे. आलेल्याला पाय ठेवायला जागा आहे का, ते स्वतः बाहेरून चालत आल्याशिवाय कळत नाही.

म्हणून एकच काम सांगते. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता, पाचही जणांनी, ज्यावर बेतणी कधीच नव्हती असा एक कोरा कॉम्प्युटर मागून आणा, नाटकवालीचं पान समोर ठेवा, आणि पहिल्या पायरीपासून मांडायला बसा. आठवणीतलं काही वापरायचं नाही, एकमेकांना फोन करायचा नाही. जिथे अडाल तिथे उठू नका. तिथेच ती ओळ दुरुस्त करा, आणि मगच पुढची वाचा.

काजवाली